फाटक लावणारे मामा

मिनेसोटाहून लंडनच्या भाच्याकडे आलेले मामा इंग्लंडच्या शेतवाटांवरही सगळ्यांच्या मागेच चालत होते. मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून इथं शेवटच्यानं फाटक लावायचं असतं. सकाळपासून ते काम त्यांच्याकडेच होतं. एका फाटकापाशी सगळे थबकले. पलीकडे गव्हाचं शेत, वाट पुसट, फोनला रेंज नाही. “परत फिरू या, मामा,” भाचा म्हणाला. “अमेरिकेत शेतात घुसलं तर गोळीच घालतात!” मामी म्हणाल्या, पण पलीकडची निळी रानफुलं हुकणार म्हणून हिरमुसल्या. फाटकावरचा पिवळा बाण म्हणजे शेतातून जायचा सर्वांना हक्क, हे मामांनी वाचलं होतं. वाचलेलं चुकीचं निघालं तर? चाचरत त्यांनी सांगितलं. “नक्की?” भाच्यानं विचारलं. फाटक उघडून मामा गव्हात शिरले. बांधावरच्या शेतकऱ्यानं हसून टोपी उचलली. मागे न बघता मामा ओरडले, “शेवटच्यानं फाटक लावायचं हं!”