पहिल्या नंबरची ढेप

काहिलीतल्या रसाला उकळी फुटली तशी पद्मा मगदूमने कपाळावरची, मेंदूला मेंदू जोडणारी पट्टी नीट बसवली. शेजारी खुर्चीत बसलेल्या तिच्या आप्पांनीही आपली पट्टी बांधली. गुऱ्हाळाच्या धुराने आप्पांची नजर कधीच गेली होती आणि एका तापात पद्माचं नाक गेलं होतं. पण पट्ट्या बांधल्या, की तिचं पाहणं त्यांना दिसायचं आणि त्यांचं हुंगणं तिला कळायचं. दोघं मिळून गूळ असा उतरवायचे, की पंचक्रोशीत तसा गुळव्या दुसरा नव्हता, आणि हे दोघांनाही चांगलंच ठाऊक होतं.

सुरुवातीला पद्मा घाबरायची. यातली मी कुठली आणि आप्पा कुठले? पुढे पुढे हा प्रश्न मळीसारखा वर आला, की ती तो झाऱ्याने काढून बाजूला टाकायची.

पाक सोनेरी झाला, वास खमंग झाला. "उतरवा!" दोन तोंडांतून एकच हाळी आली आणि गड्यांनी काहील उतरवली.

दुपारी गुळाच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी ढेप फोडून खडा जिभेवर ठेवला आणि डोळेच मिटले.

"पहिला नंबर!" ते म्हणाले. "पण ढालीवर नाव एकाचंच घालतात. खरं सांगा, तुमच्यातला गुळव्या कोण?"

पट्ट्या केव्हाच सोडून खुंटीला टांगल्या होत्या. तरी बापलेक एकदमच, छाती काढून म्हणाले, "मी!"

आप्पांचं बोट पद्माकडे होतं, आणि पद्माचं आप्पांकडे.