शंभर टक्के तांबं

"शंभर टक्के तांबं" असं लिहिलेला रेडिएटर प्रयोगशाळेतल्या ऋजुता चिपडेने करवतीने कापला. कॉम्प्युटर थंड ठेवणारं पाणी याच्यातूनच फिरणार होतं. तांबूस रंगाखाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम निघालं.

"मॅडम, आतून कोण बघतंय?" रेडिएटर बनवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर धुमाळ हसले.

"पाणी बघतं. कॉम्प्युटरमधल्या तांब्याच्या भागांबरोबर एकाच पाण्यात राहून वर्षभरात हे झिजून गळेल आणि ग्राहकाचा कॉम्प्युटर भिजेल."

धुमाळांनी आधी विनवलं, मग वरच्या ओळखी सांगितल्या. ऋजुताने तरीही अहवालात अ‍ॅल्युमिनियमच लिहिलं. घरी जाताना तिला जिंकल्यासारखं वाटलं.

महिन्याभराने तोच रेडिएटर दुकानात दिसला. खोक्यावरून "तांबं" गेलं होतं. त्या जागी ठळक अक्षरांत छापलं होतं, "प्रयोगशाळेत तपासलेला!" तिने संतापून धुमाळांना फोन लावला.

"यात खोटं काय आहे, मॅडम?" ते म्हणाले. "तुम्हीच तर तपासलात."