वरची बाजू

सीडी कॉम्प्युटरमध्ये गेली, दोनदा घरघरली आणि बाहेर आली. तंत्रज्ञाने ती मऊ फडक्याने पुसून पुन्हा घातली. कोर्टातला पडदा निळाच राहिला.

पुरावे सांभाळणारा कारकून भिंतीशी उभा होता. अकरा वर्षं ही सीडी त्याच्याच ताब्यात होती. कारखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली चार मिनिटं तिच्यावर होती. मालक दाराला बाहेरून कुलूप लावतो, आणि मग आतून धूर यायला लागतो. बाकी सगळं आगीत गेलं होतं. हिची एक प्रत काढू का, असं कारकुनाने दोनदा लिहून विचारलं. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, असं वरून उत्तर आलं. मग त्याने ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. कोरडं, थंड, अंधारं कपाट. डबीत उभी ठेवलेली. चकचकीत बाजूला कुणाचं बोट म्हणून लागू दिलं नाही. पोटच्या पोरांना तरी इतकं जपलंस का, असं सोबतचे चेष्टेने म्हणायचे.

तंत्रज्ञाने सीडी खिडकीसमोर धरली. तिच्यातून उजेडाचे बारीक ठिपके आरपार आले.

"हे कागदी लेबल कुणी चिकटवलं?"

"मी," कारकून म्हणाला.

पहिल्याच दिवशी चिकटवलं होतं. गोंद सगळीकडे सारखा लागेल असं बघून, वर वळणदार अक्षरात खटल्याचा क्रमांक घालून.

लोक चकचकीत बाजू जपतात, तंत्रज्ञ न्यायाधीशांना सांगू लागला, पण खरी नाजूक असते ती वरची. चित्रण ज्यात असतं तो चंदेरी थर तिथेच असतो, त्यावर वार्निशचा एक पातळ हात, बस. गोंदाने तो थर हळूहळू खाल्ला. आता इलाज नाही.

मालकाच्या वकिलाला फार बोलावंच लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी मालक सुटला.

बाहेर बाकावर म्हातारा गवंडी बसला होता. पहिल्या वर्षी इथे आगीत गेलेल्यांच्या सतरा घरची माणसं यायची, टेकायला जागा नसायची. कुणी थकलं, कुणी वारलं. आपल्या लेकीसाठी येणारा हा एकटा उरला. ऐकू कमी यायचं, म्हणून आत न बसता बाहेरच थांबायचा.

कारकून त्याच्या शेजारी टेकला. मोठ्या आवाजात त्याने सगळं सांगितलं. लेबलाचंही सांगितलं, काही हातचं न राखता.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत, साहेब?" तो म्हणाला. मग चुन्याने फुटलेल्या बोटांनी खिशातून कागदाचा एक चिटोरा काढून त्याने पुढे केला. "पुढची तारीख तेवढी लिहून द्या."

"बाबा, आता तारीख नाही. संपलं."

म्हातारा उठला. जिन्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला.

"मग आता मी यायचं कुठे?"