दहावा थेंब

“ताई, हे स्वस्तातलं किट नेऊ नका. उद्या प्रवाळ मेलं तर माझ्याच नावानं खडे फोडाल,” असं दुकानदाराने वर्षापूर्वी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पाणीच तर तपासायचं, त्याला काय हिरे जडवायचेत? आज बाळाला कडेवर घेऊन ती त्याच काउंटरसमोर उभी होती.

“काय म्हणतंय तुमचं किट?”

“खोटं बोलतंय,” ती म्हणाली. “चला, तीन-चार चांगली दाखवा. आणि ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणायचं नाही.”

घरी सासऱ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिच्यातलं प्रवाळ त्यांनी नखाएवढ्या तुकड्यापासून अकरा वर्षं वाढवलं होतं, आणि महिनाभरात त्याची टोकं पांढरी पडली होती. पाण्यात घालायच्या औषधाचा डोस जास्त झाला की असं होतं, असं दुकानदाराचं मत. पण किट रोज उलटंच सांगायचं: अल्कलिनिटी कमी आहे. अल्कलिनिटी म्हणजे प्रवाळाचा सांगाडा ज्यावर उभा राहतो तो पाण्यातला चुना-सिमेंटच म्हणा. ती कमी दिसली की बाबा, म्हणजे सासरे, ती वाढवायला आणखी डोस घालत. शेवटी काल त्यांनी जाहीर केलं, रविवारी टाकी मोडायची, जे जिवंत उरलंय ते दुकानदाराच्या पदरात टाकायचं. तेव्हापासून ते नीट जेवले नव्हते. आज शुक्रवार होता.

तिने चार डब्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मुदत पाहिली. किती थेंबांना एक अंश, ते पाहिलं. रसायनशास्त्राची पदवी काही भिंतीवर टांगायला घेतली नव्हती. एक डबी निवडली आणि वर एक छोटी बाटली मागितली. त्या बाटलीतल्या पाण्याची अल्कलिनिटी कारखान्यातच ठरवलेली होती. नेमकी दहा. त्या पाण्याला जे किट दहा म्हणेल ते खरं, बाकीचं कचऱ्यात.

“तुम्ही माझ्याकडे कामाला या,” दुकानदार म्हणाला.

घरी तिने दोन्ही किट खिडकीजवळच्या टेबलावर मांडली आणि थेंबांची बाटली बाबांच्या हातात दिली. तपासताना ती कायम त्यांच्याच हातात असायची. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात शाया जुळवल्या होत्या. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी आणून टाकावी आणि बाबांनी नुसत्या नजरेवर तोच रंग कागदावर उतरवावा. रंगाच्या बाबतीत या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

“एक थेंब म्हणजे एक अंश,” ती म्हणाली. “निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं.”

“शाई मला शिकवू नकोस, सूनबाई.”

आधी जुनं किट, नळीत त्या छोट्या बाटलीतलं दहाचं पाणी. बाबा काचेची नळी हलवत एकेक थेंब टाकत गेले. सातव्याला थांबले. “झालं पिवळं. सात.”

“बघा! दहाच्या पाण्याला सात म्हणतंय मेलं!” तिचा जीव भांड्यात पडला. चूक सापडली होती. स्वतःची होती, पण सापडली होती. “आता नवं.”

बाबांनी नवी नळी भरली. पाच. सहा. सात.

“पिवळं,” बाबा म्हणाले.

ती नळीकडे पाहत राहिली. दोन वेगळ्या कंपन्या. दोन वेगळे डबे. चूक मात्र थेंबाला थेंब सारखी.

तिने बाटली त्यांच्या हातून घेतली. त्याच नळीत आठवा थेंब टाकला. नववा. दहावा. मग जुन्या नळीतही जुन्या किटच्या बाटलीतून तसेच तीन. दोन्ही नळ्या लिंबासारख्या पिवळ्याधमक झाल्या.

“अगं, कशाला वाया घालवतेस? मघाशीच झालं होतं की!”

मघाशी पाणी हिरवं होतं. तिला ते दिसलं होतं आणि तरी तिने ते पिवळंच धरलं होतं, कारण सांगणारे बाबा होते. बाळ जन्मलं तेव्हा महिनाभर हेच बाबा म्हणत होते, पोर पिवळी दिसतेय, कावीळ तर नाही? त्या धास्तीने तिने रक्त तपासायला बाळाच्या एवढ्याशा टाचेत दोनदा सुई टोचून घेतली होती. दोन्ही वेळा काहीच निघालं नव्हतं. डॉक्टर हसले होते.

तिने बाळाला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

“बाबा, हिचा फ्रॉक कुठल्या रंगाचा?”

“ही काय परीक्षा? सायीचा. पांढऱ्यात बोटभर पिवळी शाई पडलीय.”

फ्रॉक पांढराशुभ्र होता.

बाबांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग फ्रॉककडे. चष्मा काढून पुसला. परत पाहिलं. “मला वाटत होतं,” ते हळूच म्हणाले, “हल्ली दिवेच स्वस्तातले यायला लागलेत.”

“टाकी मोडायची नाही. पाण्यात कमी काही नव्हतंच, डोसच जास्त होत होता,” ती म्हणाली. “थेंब तुम्हीच टाकायचे, रंग मी सांगेन. आणि उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डोळ्यातलं भिंग जुन्या कागदासारखं पिवळं पडलेलं, म्हणून सगळंच पिवळं दिसायचं.

तुमच्याही घरात एखादी नजर असेल, जिच्या भरवशावर सगळे निर्धास्त असतात. हे वाचून झालं की त्या माणसाला खिडकीशी घेऊन जा, एखादी पांढरी वस्तू दाखवा आणि रंग विचारा. उत्तर आधी तुम्ही सांगू नका.