टेबलावर दोन डबे

भिंतीवरच्या दोन खिळ्यांपैकी एक मोकळा.

अर्धवट खाल्लेलं हॅमचं सँडविच.

वजनाच्या काट्याच्या ताटलीत काळ्या पापुद्र्यांची चिमूट.

टेबलावर बंदुकीच्या दारूचे दोन डबे.

आर्डिस तळघराच्या शेवटच्या पायरीवरच थबकली. तीस वर्षं या घरातली काडतुसं तीच भरत होती, नवरा हार्लन ती उडवायचा. या टेबलावर एका वेळी एकच डबा यायचा. दुसरा काढायचा तर पहिला आधी कपाटात.

मागोमाग कॉफीचा मग घेऊन ट्रेंट उतरला. मिनियापोलिस शहरातला जावई.

"काल पंचवीस भरली. पहाटे हार्लन तीच घेऊन गेले तळ्यावर. आता तरी म्हणा, जावई कामाचा निघाला."

"कुठल्या डब्यातली दारू?"

"आधी ब्लूबिल. दहा झाली आणि डबा संपला. मग बॉबव्हाइट."

"वजन?"

"तुमच्या कागदावर लिहिलंय तेवढंच. कणभर इकडचं तिकडे नाही." तो हसला. "ब्लूबिल म्हणजे बदक, आणि बॉबव्हाइट तर मुठीएवढं लावा पाखरू. म्हटलं, दारू असली तर नरमच असेल. उलट फुगीरच निघाली ती, काडतुसाचं बूच दाबताना जोर लावावा लागला."

आर्डिसने ताटली तिरकी केली. पापुद्रे सरसरत कडेला गेले.

"नावं पाखरांची आहेत, ट्रेंट. कारखानदाराला सुचली म्हणून ठेवलेली. ब्लूबिल सावकाश जळते, म्हणून जास्त घालतात. बॉबव्हाइट भडकते. तिला याच्या निम्मं वजन पुरतं."

"आणि पूर्ण घातलं तर?"

"नळी फुटते. त्यांनी नेलेल्या खोक्यात वर कुठली आहेत?"

ट्रेंटने मग खाली ठेवला. "नंतर भरलेली."

ती जिन्याकडे धावली. स्वयंपाकघरात हार्लनचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तिने गाडीची किल्ली ओढली आणि अंगणात आली. तळं अर्ध्या मैलावर. मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे वेताच्या रंगाचं गवत, त्यावर बदकांचा थवा उतरायला वळत होता.

"आर्डिस, मी चालवतो, तुम्ही..."

"गप्प!"

बार झाला. जाडा, जवळचा वाटावा असा.

थवा फुटला आणि वर चढला. आर्डिस किल्ली मुठीत धरून उभी राहिली. हार्लन एका थव्यावर दोन बार टाकायचा. पहिला बदकांना नमस्कार करायला, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

तळ्याकडून कुत्र्याचं भुंकणं आलं. ते थांबेना.

पहाटे निघताना हार्लनने रोजची बंदूक भिंतीवरच राहू दिली होती, आणि शेजारच्या खिळ्यावरची आजोबांची पातळ नळ्यांची दुनळी काढून नेली होती.