मालकांचा अंक

“अण्णासाहेब, पेपर बुडतोय. कुणी वाचत नाही आता,” उपसंपादक कुंदा गुरव म्हणाली.

मालकांनी स्वतःचा अंक तिच्यापुढे टाकला. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता: ‘रणहुंकार’चा खप दुप्पट. “हे बघ, छापून आलंय की!”

कुंदाला हसावं की थुंकावं कळेना. छापखान्यातलं नवं यंत्र प्रत्येक वाचकाला आवडतील त्याच बातम्या रचून त्याचा वेगळा अंक छापायचं. ही अक्कल याच शहाण्याची, आणि आता तोच आपल्या अंकाला भुलला होता. असल्या माणसाची चाकरी नकोच, असं ठरवून ती राजीनामा लिहायला टेबलाशी आली.

तिथे तिचा अंक पडला होता. ‘उपसंपादिकेने मालकाला भर ऑफिसात झापले, राजीनामा तोंडावर फेकला!’ शेजारी तिचा झकास फोटो.

कुंदाने बातमी दोनदा वाचली. मग समाधानाने चहा मागवला आणि निमूट कामाला लागली.