साबणबाई

मी नर्स, त्यामुळे घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला पिटाळते. बापलेकींनी माझं नाव ‘साबणबाई’ ठेवलंय. चर्चमधल्या मुलांच्या नाटुकल्यात लेक दयाळू वाटसरू होणार होती. माझ्या ड्यूटीमुळे घरची तालीम नवऱ्यानंच घेतली. रविवारी ड्यूटीवरून धावतपळत पोचले, तेव्हा लेक जखमी प्रवाशाशेजारी बँडेज घेऊन बसली होती. पण बांधेचना! “बांध ना, बांध,” पडद्याआडून टीचर कुजबुजल्या. “थांबा हो टीचर,” लेक सगळ्यांदेखत ठणकावून म्हणाली, “न धुतलेल्या हातांनी जखमेला शिवतात का?” तिनं प्रवाशाच्याच बाटलीतलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, झटकले आणि मगच बँडेज बांधलं. अख्खं चर्च हसता हसता टाळ्या वाजवू लागलं. नवरा गोंधळून माझ्या कानात म्हणाला, “अगं, हे मी बसवलंच नव्हतं!” मी मान ताठ केली. “ते साबणबाईनं बसवलंय.”